सोंग कुणाचं, ढोंग कुणाचं?

"अगं, ढोंग करतेय ती!" हे वाक्य तुमच्या कानावर कितीदा आलं असेल! कधी शेजारणीबद्दल, कधी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणाऱ्या बंड्याबद्दल आणि खरं सांगायचं तर कधी तुमच्याबद्दलसुद्धा. पण मैत्रिणींनो, नसलेलं दाखवायला मराठीत सोंगही आहे आणि ढोंगही. यमक जुळतं, अर्थ मात्र जुळत नाही बरं का!

सोंग म्हणजे घेतलेलं रूप. भारुडात सोंग येतं, नाशिक-पालघरकडच्या आदिवासी गावांत बोहाड्याला देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं नाचतात, तमाशात सोंगाड्या हसवतो. मुखवट्याखाली आपल्याच गावचा माणूस आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून सोंग छान 'वठलं' की कौतुक होतं. ढोंग वठत नाही, ते उघडं पडतं. कारण त्यात फसवायचा हेतू असतो.

घरात मात्र ही सीमारेषा पुसट होते. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतोच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे महिनाअखेरीस रिकामे डबे खडखडले की पटतं.

पण सगळ्यांत बेमालूम वठतं ते आपलं सोंग! अंगात कणकण असते, कंबर धरलेली असते, तरी कुणी विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर, "काही नाही हो, बरी आहे मी." वर्षानुवर्षं हे ऐकलेल्या घराला, एक दिवस खरंच आडवं व्हावं लागलं की तेच ढोंग वाटतं. "काल तर पुरण वाटत होती, आज काय झालं?"

तेव्हा दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. कुठे, कधीपासून, किती, अगदी नेमकं. आणि सुनेच्या, मुलीच्या, कामाच्या बाईच्या दुखण्याला ढोंग म्हणण्याआधी जरा थांबा. अंग गरम नाही म्हणजे दुखणं नाही, असं थोडंच आहे? थर्मामीटरला कंबरदुखी कळत नाही. बंड्याचं पोटसुद्धा परीक्षेच्या धास्तीनं खरोखर दुखू शकतं. जवळ घेऊन विचारा. एकदा का 'ढोंगी' म्हटलं, की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. मग तिचंही "बरी आहे मी" सुरू!