देवगिरीचे भाडेकरू

गारखेड्यात खोली भाड्याने घ्यायची तर अकरा महिन्यांचा करार. बारावा महिना उजाडायच्या आत नवा कागद करा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. गेल्या दिवाळीत फ्रान्सहून आलेला भाचा आमच्या भाडेकरूचा करार वाचून हसत होता. त्याच्या मोबाइलमध्ये तिकडच्या शातोंचे, म्हणजे सरदारी वाड्यांचे फोटो होते. काही वाडे शतकानुशतकं एकाच घराण्याकडे. "मामा, आपल्या दौलताबादचे मालक कोण?" त्याने विचारलं. "मालक कसले, सगळे भाडेकरू," मी म्हणालो. थट्टेत बोललो खरा, पण दुसऱ्या दिवशी नगरनाका, छावणी, मिटमिटा, शरणापूर मागे टाकून किल्ल्यापाशी पोचेपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं.

किल्ला मात्र सगळ्यांना पुरून उरला. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव भिल्लम पाचवा याने इथे, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीला, राजधानी थाटली. तासलेला उभा कडा, कातळात खोदलेला खंदक आणि वर जायला अंधेरीची वाट. आत शिरलं की आधी वटवाघळांचा वास नाकात बसतो. मग पाऊल चाचपडतं, कारण पायऱ्यांची उंची सारखी नाही. भाचा भिंतीला हात लावून चढत होता आणि मोबाइलची बॅटरी पेटवू नकोस असं मी त्याला मुद्दामच बजावलं होतं.

असा किल्ला तोफांपेक्षा पोटाने आणि पैशाने पडतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवरायाने घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. हेमाद्रीसारखा पंडित ज्याच्या पदरी होता, त्याच्या कोठीत एकानेही पोतं फोडून पाहू नये? १३१८ मध्ये रामदेवरायाचा जावई हरपाळदेव मारला गेला आणि यादवांचा कारभार आटोपला. पुढे तुघलक १३२७ मध्ये अख्खी राजधानीच घेऊन आला. मग बहमनी, निजामशाही, आणि १६३३ पासून मोगल.

भाच्याच्या शातोंशी आपला किल्ला जुळत नाही तो इथे. फ्रेंच उमराव वाडा पोराच्या हाती सोपवून डोळे मिटायचा. मोगलाईत अमीर गेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची रीत होती, जहागिरी बदलत, आणि किल्लेदारी ही तर निव्वळ नोकरी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत याच गडाचे किल्लेदार होते, म्हणजे तेही चाकरीतच. शातोची खरी बहीण आपली गढी. वतनदार गढीत रुजायचा. सिंदखेडराजाचे जाधव स्वतःला यादवांचे वंशज म्हणवत. त्यांच्यातले लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, १६२९ साली याच दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात मुलांसह कापले गेले. पूर्वजांच्या गडावर, आणि तेही भेटीला बोलावून.

किल्ल्याकडे एक फ्रेंच नजर वळली ती जवाहिऱ्याची. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या शोधात दख्खन पालथी घालणारा ताव्हेर्निये इथल्या एका डच गोलंदाजाची गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षं चाकरी झाली तरी बिचाऱ्याला सुट्टी मिळेना. शेवटी राजा जयसिंगाने अट घातली, की अमुक उंचीवर तोफ चढवून दाखव आणि मग जा. त्याने चढवली आणि तो सुटला. खुद्द ताव्हेर्नियेने चौदाव्या लुईला हिरे विकले, उमरावपद मिळवलं आणि १६७० मध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधली ओबोनची गढी सरळ विकत घेतली. तिकडे पैसे मोजून मालक होता येत होतं.

दुसरा फ्रेंच आला तो फौज घेऊन. मार्की द बुसी-कास्तेलनो. आपल्या कागदपत्रांतला 'मुसा बुसी'. कास्तेलनो म्हणजे नवा किल्ला, पण मुसाचं लक्ष जुन्या किल्ल्यावर गेलं. १७५१ मध्ये त्याने सलाबतजंगाला औरंगाबादेत आणून गादीवर बसवलं, आणि सात वर्षं निजामाचा दरबार त्याच्या फौजेच्या जोरावर चालला. त्याला खुपणारा माणूस होता दिवाण शाहनवाजखान. दौलताबाद शाहनवाजच्या हातात होता. १७५८ मध्ये बुसीचा दिवाण हैदरजंग याने किल्लेदार फितवला आणि गड लढाईविनाच फ्रेंचांकडे गेला.

हा भाडेकरू तर अकरा महिनेही टिकला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्या डेऱ्यात हैदरजंगाचा खून झाला. त्या दंगलीत कैदेत असलेला शाहनवाजखान मुलासह मारला गेला. पाठोपाठ फ्रेंच सेनापती लालीचं बोलावणं आलं, बुसी मद्रासच्या मोहिमेसाठी निघाला, गड सुटला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर तो पेशव्यांकडे आला. पुढे पुन्हा निजामाकडे गेला तो १९४८ पर्यंत.

मला या धामधुमीत चटका लावून जाते ती वेगळीच लूट. शाहनवाजखान मर्जीतून उतरला होता तेव्हा, १७४०च्या दशकात, औरंगाबादेत घरी बसून त्याने एक ग्रंथ लिहायला घेतला होता. 'मआसिर-उल-उमरा', मोगल अमिरांची सातशेहून अधिक चरित्रं. वाडे पिढीजात नव्हते, तेव्हा घराण्यांची आठवण ठेवायला दुसरी जागा तरी कुठे होती? कोण कुठल्या मोहिमेत लढला, कोणाची मनसब केव्हा वाढली, कोण कशाने मातीत गेला, सगळं त्यात. १७५८ मध्ये त्याचं घर लुटलं गेलं आणि हस्तलिखित बेपत्ता झालं. हिरे-माणकं शोधणाऱ्याला त्या कागदांचं काय मोल!

शोध घेतला तो शाहनवाजच्या मित्राने, कवी गुलाम अली आझाद बिलग्रामी याने. पाणचक्कीच्या दर्ग्यात कित्येक वर्षं राहिलेला हा विद्वान. सुमारे वर्षभर चौकशा केल्यावर कागद हाती लागले, तेही विस्कटलेले आणि अपुरे. आझादांनी ते लावले, पुढे शाहनवाजचा मुलगा अब्दुल हय याने १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला.

परतीला भाच्याला खुलदाबादला नेलं. आझादांची कबर तिथेच. "मग त्या लेखकाचं स्वतःचं चरित्र?" त्याने विचारलं. आहे. इतरांची सातशे लिहिणाऱ्याचं ते एक आझादांनी लिहिलं आणि ग्रंथाला जोडलं.