बांधावरचें लिंबू आणि घरांतील पंडुरोग

महसुली कचेरींत तीस वर्षें कारकुनी करून निवृत्त झाल्यावर प्रस्तुत लेखकास आपल्या वडिलार्जित आठ एकरांकडे पाहण्यास सवड मिळाली. नोकरींत असतांना गांव नमुना बाराचीं हजारों पानें माझ्या नजरेखालून गेलीं. कोणत्या नंबरांत ज्वारी किती, कापूस किती, पड किती, हें बिनचूक उतरलें आहे कीं नाहीं, हें पाहणें माझें काम. बांधावर उभीं असलेलीं लिंबू, पेरू, आवळा, शेवगा हीं झाडें मात्र शेऱ्याच्या रकान्यांत आलीं तर आलीं, नाहीं तर राहिलीं. पिकाच्या हिशेबांत त्यांस फारसें स्थान नाहीं, अशीच माझीही समजूत होती. ती किती चुकीची होती, हें घरांतील एका प्रसंगानें मला शिकविलें. तो प्रसंग आधीं सांगून मग मुख्य विषयाकडे वळतों.

दोन वर्षांमागें माझ्या कुटुंबास विहिरीवरून घरापर्यंत येतांना धाप लागूं लागली. चेहरा फिका, पाय जड, कामांत मन नाहीं. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांनीं रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन जेमतेम आठ भरलें. स्त्रियांस तें निदान बारा असावें लागतें. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने गेले, तरी फरक फारच थोडा. डॉक्टरांनीं विचारलें, “गोळी कशाबरोबर घेतां?” उत्तर मिळालें, “चहाबरोबर.” “जेवणांत काय असतें?” “भाकरी आणि पिठलें, नाहीं तर आमटी. जेवण झालें कीं चहा.” “लिंबू, पेरू, कांहीं कच्चें खातां कीं नाहीं?” त्यावर ती म्हणाली, “लिंबें बाजारांत जातात.”

आमच्या बांधावर लिंबाचीं दोन झाडें आहेत. त्या उन्हाळ्यांत भाव चांगला होता, म्हणून खालीं पडलेलें फळसुद्धां मीं वेंचून पाटींत घातलें होतें. घरांत एकही ठेवलें नव्हतें. त्या एका वाक्यानें मला जी शरम वाटली, तिचेंच फळ हा लेख होय.

लिंबूवर्गीय फळें, आवळा, पेरू, पालेभाज्या यांत जें क जीवनसत्त्व असतें, त्याचा शोध मनुष्यजातीस फार महाग पडला आहे. वास्को द गामा भारतांतून परत फिरला, तेव्हां गोव्याच्या दक्षिणेस कारवारजवळ असलेल्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबर १४९८ मध्यें त्याचीं गलबतें निघालीं. आफ्रिकेचा किनारा गांठावयास त्यांस सुमारें तीन महिने लागले. ताजें अन्न कांहींच नव्हतें. खलाशांच्या हिरड्या सुजून दांतांवर चढल्या, अंगावर डाग उठले, आणि त्या एका समुद्रप्रवासांत सुमारें ३० माणसें दगावलीं. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. त्यानंतर तीनशें वर्षें दूरच्या सफरींवर हा रोग खलाशांचे बळी घेत राहिला.

१७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या आरमारी वैद्यानें सॉल्सबरी नांवाच्या जहाजावर बारा रोगी निवडले. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला: कोणास शिरका, कोणास समुद्राचें पाणी, कोणास सफरचंदाची आंबविलेली दारू, आणि एका जोडीस रोज दोन संत्रीं व एक लिंबू. फळें सहा दिवसांत संपलीं. परंतु तेवढ्यांतच त्या जोडीपैकीं एकजण कामास लागला. लिंडनें १७५३ सालीं ग्रंथ लिहिला. तरी सरकारी चाल ती सरकारी चाल! इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस सर्रास देण्याचा हुकूम सुटावयास १७९५ साल उजाडलें. कागद टेबलावर पडून राहिल्यानें माणसें कशीं मरतात, हें कचेरींत जन्म घालविलेल्या माणसास निराळें सांगावयास नको.

पुढची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भूमध्य समुद्राकडील मोठ्या लिंबांऐवजीं वेस्ट इंडीज बेटांतील लहान लिंबांचा रस आरमारास पुरविला जाऊं लागला. त्यांत मुळांत क जीवनसत्त्व कमी; त्यांतून रस दीर्घकाळ सांठविलेला. परिणाम असा झाला कीं, १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेंत स्कर्व्हीनें पुन्हा डोकें वर काढलें. यावरून बोध घ्यावयाचा तो हा कीं, फळ नुसतें नांवाला असून भागत नाहीं. तें कोणतें, किती ताजें आणि कसें राखलेलें, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे.

हा इतिहास दूरच्या गोऱ्या खलाशांचाच आहे, असें कोणी समजूं नये. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, कूत येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यांत सांपडली, ती सहावी पुणें डिव्हिजन होती, आणि तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शेतकऱ्यांचींच हीं मुलें. वेढ्यांत भाजीपाला मिळेनासा झाला. गोरे शिपाई घोड्याचें मांस खाऊं लागले, त्यामुळें ते स्कर्व्हीपासून बचावले. परंतु पांढऱ्या पिठाच्या पावामुळें त्यांस बेरीबेरी झाली. हिंदी शिपायांनीं धर्मभावनेमुळें घोड्याचें मांस बहुतेक वेळ नाकारलें. त्यांच्या कोंड्यासकट पिठानें त्यांस बेरीबेरीपासून वांचविलें. पण ताजें अन्न नसल्यामुळें त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. एकाच वेढ्यांत, एकाच उपासमारींत, ताटांतील फरकाप्रमाणें रोगही निराळे झाले!

त्याच युद्धाच्या काळांत लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, कोरड्या कडधान्यांत नसलेला स्कर्व्हीनाशक गुण त्यांस मोड आणले म्हणजे उत्पन्न होतो. ही मोड आणण्याची विद्या आमच्या घरोघरच्या स्त्रियांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मटकीची उसळ हें तिचेंच रूप होय. पुढें १९२८ सालीं सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञानें तें द्रव्य प्रथम वेगळें काढलें, आणि कांहीं वर्षांनीं आपल्या देशांतील मिरचीच्या जातींतून तें मोठ्या प्रमाणावर मिळविलें. १९३७ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. १९३९-४० सालीं पंजाबांत हिस्सारच्या दुष्काळांत स्कर्व्ही पसरली असतां आवळा गुणकारी ठरला.

आतां हें जीवनसत्त्व शरीरांत काय करतें, तें पाहूं. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडें यांस बांधून ठेवणारा जो तंतुमय पदार्थ, तो नीट घडण्यास हें लागतें. म्हणूनच त्याच्या अभावीं जखम भरून येत नाहीं व हिरड्यांतून रक्त येतें. गोठ्यांतील बैल, गाय, शेळी, दारचा कुत्रा, हीं सर्व जनावरें आपल्या यकृतांत हें स्वतः तयार करतात. बैलास लिंबू चारावें लागत नाहीं. बैलाच्या धन्यास मात्र तें खावेंच लागतें! मनुष्यानें ही शक्ति गमावली आहे, आणि शरीरांत सांठाही थोडाच राहतो. मुळींच न मिळाल्यास एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीचीं लक्षणें दिसूं लागतात.

उघड स्कर्व्ही आज आपल्याकडे क्वचित् दिसते. रोज १० मिलिग्रॅम मिळाले, तरी ती टळते. परंतु आपणांस भिडणारा प्रश्न निराळा आहे, आणि तो लोहाचा होय. बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या यांत लोह असतें. पण धान्याच्या टरफलांतील फायटेट व चहांतील तुरट द्रव्यें तें अडकवून ठेवतात, आणि पोटांत गेलेल्या लोहाचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. त्याच घांसाबरोबर क जीवनसत्त्व असेल, तर लोह शोषून घेण्याचें प्रमाण वाढतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांपैकीं ५७ स्त्रियांत पंडुरोग आढळला. धान्यानें भरलेल्या घरांतही तो आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत. जंत, रक्तस्राव, सिकलसेल इत्यादि कारणांसाठीं डॉक्टरांची तपासणी हवीच. परंतु ज्या कारणाचा उपाय आपल्या बांधावर आहे, त्याविषयीं तरी आपण गाफील राहूं नये.

किती हवें? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम. गर्भिणीस ८० व अंगावर पाजणाऱ्या मातेस ११५. शंभर ग्रॅम पेरूंत सुमारें २०० मिलिग्रॅम असतें. आवळ्यांत जातीप्रमाणें अडीचशें व त्याहूनही बरेंच अधिक. शेवग्याच्या पाल्यांत शंभराच्या वर. कोंकणांत काजूची बी काढून ज्या बोंडूचे ढीग कुजत पडतात, त्यांतही पावणेदोनशेंच्या आसपास असतें. लिंबाच्या रसांत मात्र ३० ते ५० च. आणि एका कागदी लिंबाचा रस तो किती निघणार! म्हणजे नांव लिंबाचें, पण खरा भार वाहतात आवळा व पेरू. जेवणांत लिंबू पिळावें, तें चांगलेंच. पण तेवढ्यानें दिवसाची गरज भागली, असें मानूं नये. अर्धा पेरू किंवा एक आवळा तिची भर काढतो. कार्तिकांत आपण आवळीखालीं भोजन करतों. पण त्या दिवशीं किती ताटांत आवळा असतो, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

हें द्रव्य उष्णता, हवा व पाणी यांनीं लौकर नष्ट होतें. म्हणून कांहीं गोष्टी सांभाळाव्या. भाजी आधीं धुवावी, मग चिरावी. चिरून तासन्‌तास ठेवूं नये. थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून, लागेल तितकीच शिजवावी. उरलेलें पाणी ओतून न देतां आमटींत घालावें. सोडा घालूं नये. कल्हई नसलेलें तांब्या-पितळेचें भांडें वापरूं नये, कारण तांब्याच्या स्पर्शानें हें फार झपाट्यानें नाहींसें होतें. लिंबू भांडें चुलीवरून उतरल्यावर पिळावें. कोशिंबीर, हिरव्या मिरचीची व कोथिंबिरीची चटणी ताजी करावी. वर्षभर मुरलेल्या लोणच्यावर व उन्हांत कडक वाळविलेल्या पालेभाजीवर भिस्त ठेवूं नये. आवळा मात्र त्यांतल्या त्यांत टिकाऊ; मीठ लावून सावलींत वाळविलेल्या फोडींतही बराच अंश राहतो. आणि चहा जेवणाला लागून न घेतां तास-दीड तास सोडून घ्यावा.

लागवडीचें म्हणाल, तर घरापुरतें काम चार झाडांचें आहे. एक कागदी लिंबू, त्याचा हस्त बहार धरला तर उन्हाळ्यांत फळ मिळतें. दोन पेरू, सरदार म्हणजेच लखनौ ४९ ही जात पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेंत निवडलेली, आपल्या हवेची आहे. मृग बहार धरल्यास हिंवाळाभर फळ खावें. एक आवळा, तोही हिंवाळ्यांत येतो. कडेला शेवगा लावला म्हणजे पाला वर्षाचा बहुतेक काळ मिळतो, आणि पावसाळ्यांतील उणीव त्यानें व मोड आलेल्या कडधान्यानें भरून निघते. विहिरीच्या पाटाच्या बाजूस लावल्यास त्यांस निराळें पाणीही फारसें लागत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. गोळ्यांच्या जाहिराती वाचून कोणीं भुलूं नये. क जीवनसत्त्वानें सर्दी होण्याचें थांबत नाहीं. नेहमीं घेणाऱ्याची सर्दी किंचित् लौकर बरी होते, इतकेंच. जरुरीपेक्षां जास्त घेतलेलें बहुतेक लघवीवाटे जातें, आणि ज्यांस मूतखड्याची खोड आहे, त्यांस मोठ्या मात्रेनें अपाय होण्याचा संभव असतो. उलट, डॉक्टरांनीं दिलेली लोहाची गोळी लिंबू-पेरूच्या भरंवशावर बंद करणें हाही वेडेपणाच होय.

असो. आमच्या घरीं गोळी लिंबाच्या सरबताबरोबर सुरू झाली, चहा दूर सरला, ताटांत आवळ्याचा कीस आला. सहा महिन्यांनीं रक्त अकराच्या वर गेलें. श्रेय गोळीचें किती आणि ताटाचें किती, याचा वाटा मीं काढीत बसलों नाहीं. विहिरीवरची धाप थांबली, हें मला पुरे. आतां लिंबें उतरलीं म्हणजे पहिली पाटी स्वयंपाकघरांत जाते, आणि उरलेलीं बाजारांत. शेतकरी बंधूंनीं यंदाच्या पावसाळ्यांत बांधावर चार रोपें लावावीं, आणि त्यांचें पहिलें फळ, बाजारभाव न पाहतां, घरच्या लक्ष्मीच्या ताटांत वाढावें, एवढीच विनंती.