भाषांतर करणाऱ्या यंत्राची वंशावळ

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर देवनागरी लिपीतील एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी घराण्यातील राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने बांधविलेल्या या वास्तूच्या संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी कालगणना असून त्या घराण्याची वंशावळही क्रमाने सांगितली आहे. पुढे दक्षिणेच्या सुभेदारीवर याच नगरात दीर्घकाळ राहिलेला अब्दुर्रहीम खानखानान हा तर स्वतःच भाषांतरकार होता. बाबराचे तुर्की आत्मचरित्र फारसीत आणून त्याने ते १५८९ मध्ये अकबरास सादर केले होते. ज्या गावाला दोन भाषांचा आणि वंशावळीचा असा जुना परिचय आहे, त्या गावाला गणकयंत्राच्या भाषांतरकाराची कुळकथा फारशी परकी वाटू नये.

गणकयंत्राला शून्य आणि एक या दोन खुणांपलीकडे काही कळत नाही. माणसाने त्याच्याशी त्याच खुणांत बोलावे, असा आरंभीचा प्रघात होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेले आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेले गणकयंत्र याच रीतीने चालत असे. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २७०० निर्वात नलिका आणि ४० द्विमान अंकांचे एक याप्रमाणे २०४८ शब्द मावतील एवढी स्मृती, हा त्याचा पसारा. त्याला गणित घालावयाचे म्हणजे प्रत्येक आज्ञा अंकांत मांडावी लागे, आणि एक अंक चुकला की सारे मुसळ केरात.

या कष्टातून सोडविणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. माणसाला सोयीच्या भाषेत लिहिलेला मजकूर घेऊन ती त्याचे यंत्राच्या अंकभाषेत रूपांतर करते. मराठीत तिला ‘संकलक’ म्हणतात. हा शब्द आज थोडा चुकल्यासारखा वाटतो. परंतु मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहास पाहिला तर तो अगदी यथार्थ ठरतो. १९५२ मध्ये अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी ‘ए-शून्य’ नावाची जी आज्ञावली रचली, तिचे काम फितीवर साठविलेले तयार तुकडे हुडकून एकत्र जोडणे एवढेच होते. ते भाषांतर नव्हते, संकलनच होते. पुढे काम बदलले, नाव मात्र तेच राहिले.

खऱ्या अर्थाने जगाच्या वापरात आलेला भाषांतरकार म्हणजे फोरट्रान. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तो रचला. प्राथमिक आराखडा १९५४ च्या नोव्हेंबरात निघाला; प्रत्यक्ष आज्ञावली लोकांच्या हाती पडावयास १९५७ चा एप्रिल उजाडला. भाषा ठरविणे त्यांना फारसे अवघड गेले नाही. यंत्राने केलेले भाषांतर कुशल माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतके वेगवान असेल काय, हीच चिंता त्यांना अधिक होती, कारण तसे नसते तर कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पिट्सबर्गजवळच्या बेटिस प्रयोगशाळेत सुमारे २००० छिद्रित कार्डांचा एक गठ्ठा कोणत्याही माहितीपत्रकाविना येऊन पडला. तो हाच भाषांतरकार असावा, असा तर्क करून तेथील लोकांनी एक आज्ञावली त्याला घातली. उत्तर आले: एका विधानात स्वल्पविराम राहिला आहे. व्याकरणाच्या मास्तरांना शोभेल असेच ते पहिले दर्शन! १९५८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९६२ मध्ये चौथी, आणि यंत्रागणिक निरनिराळ्या झालेल्या बोलींना १९६६ मध्ये प्रमाणरूप मिळाले. मुंबईच्या संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राबरोबर फोरट्रानही आला, आणि टिफ्रॅकच्या काळातील अंकांची घोकंपट्टी संपली.

यापुढील प्रश्न अधिक मौजेचा आहे. भाषांतरकार ही देखील एक आज्ञावलीच. मग ती कोणत्या भाषेत लिहावी? ती ज्या भाषेचे भाषांतर करते त्याच भाषेत लिहिता येते, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. लोहाराचा पहिला हातोडा कोणत्या हातोड्याने घडविला, असाच तो पेच आहे. त्याचे उत्तरही तसेच आहे. पहिला ओबडधोबड हातोडा दगडाने घडवावा, त्याने दुसरा बरा घडवावा, आणि दुसऱ्याने तिसरा.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी असेच केले. त्यांची ‘बी’ ही भाषा प्रथम दुसऱ्या एका साधनाच्या आधाराने उभी राहिली, आणि मग ती स्वतःतच पुन्हा लिहिली गेली. भाषेत एक नवी सोय घातली की भाषांतरकार फुगे आणि यंत्राच्या तोकड्या स्मृतीत मावेनासा होई. मग तीच सोय वापरून तो नव्याने लिहिला की पुन्हा आटोपशीर होई. अशा चढउतारांतून डेनिस रिची यांनी ‘बी’पासून ‘सी’ ही भाषा १९७२ च्या सुमारास घडविली.

त्या काळातील दोन भाषांतरकार योगायोगाने वाचले. रिची यांच्यापाशी काही जुन्या चुंबकीय फिती पडून होत्या. पण त्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली होती. पॉल व्हिक्सी आणि कीथ बॉस्टिक यांनी तशा यंत्राच्या साह्याने त्यांतील मजकूर परत मिळविला. दोन्ही प्रतींची तुलना केली असता भाषा वाढताना प्रत्यक्ष दिसते. निरनिराळ्या जातींची माहिती एका गाठोड्यात बांधणाऱ्या ‘स्ट्रक्ट’ या रचनेचा जुन्या प्रतीत पत्ताच नाही. दुसऱ्या प्रतीत ती आली आहे, पण महिरपी कंसांऐवजी साध्या कंसांत. याच रचनेच्या बळावर १९७३ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा ‘सी’मध्ये लिहिता आला. आणखी एक चमत्कारिक काटकसर त्यांत आढळते. आरंभीची तयारी उरकली की ती करणाऱ्या आज्ञांच्या जागेवरच हा भाषांतरकार पुढची माहिती लिहून त्या पुसून टाकतो. शिदोरी संपताच त्याच फडक्यात पुढचे सामान बांधावे, तसा हा प्रकार.

या प्रती आज सरळ चालवाव्यात म्हटले तर अडते, आणि कधीकधी अडत नाही हेच अधिक घातक ठरते. एखाद्या संख्येत दोन मिळवावयाचे असल्यास त्या वेळी आधी बरोबरीचे चिन्ह आणि मग अधिकाचे, असे लिहीत. १९७६ च्या सुमारास हा क्रम उलटविण्यात आला. जुना मजकूर आजच्या भाषांतरकाराला दिला तर तो तक्रार न करता ‘दोन मिळव’ याऐवजी ‘दोन ठेव’ असा अर्थ लावतो. केवळ जुन्या लेखनावरून जुना अर्थ कळत नाही. त्या काळचा भाषांतरकारही हवा, तो याकरिता.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात थॉम्पसन यांनी या वंशावळीची दुसरी बाजू दाखविली. एखाद्या पिढीच्या भाषांतरकारात चोरवाट घालण्याची युक्ती दडविली, आणि आपल्यापासून निर्माण होणाऱ्या पुढच्या भाषांतरकारात तीच युक्ती उतरवावी असेही त्यास शिकविले, तर मूळ मजकुरातून ती खोडून टाकल्यावरही ती पिढ्यान्पिढ्या जिवंत राहते. बुऱ्हाणपूरकरांस हे समजावयास कुंडी भंडाऱ्याहून चांगला दाखला नाही. १६१५ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्याने एका कुंडीतून दुसरीत येते. शेवटच्या कुंडीचा काठ कितीही घासूनपुसून स्वच्छ केला, तरी वरच्या कुंडीत काही पडले असेल तर ते पोहऱ्यात यावयाचेच.

यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये एक उपाय मांडला: निराळ्या कुळातील दुसऱ्या भाषांतरकाराकडून तोच मजकूर रूपांतरित करवून घ्यावा, त्यातून निघालेल्या भाषांतरकाराला तोच मजकूर पुन्हा द्यावा, आणि अखेरची फलिते अंकाअंकाने ताडून पाहावीत. त्यासाठी मूळ मजकूर मात्र खुला असावा लागतो. १९८७ मध्ये प्रथम प्रसृत झालेला ‘जीसीसी’ हा भाषांतरकार तसा आहे. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी या विषयाचे अध्यापन केले व त्यावर पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच संस्थेत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीसीसी’ची अंतर्रचना उलगडून दाखविणारे वर्ग चालविले, आणि भाषांतरकाराच्या पोटात शिरून त्याच्या आज्ञा वाचण्याची संधी विद्यार्थ्यांना मिळाली.