वरच्या मजल्यावरची पंगत

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत, ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवर 'डुकी चेस' नावाचं हॉटेल आहे. १९६० च्या सुमाराला तिथल्या वरच्या मजल्यावर काळे वकील, कॉलेजातली पोरं, पाद्री आणि त्यांचे गोरे साथीदार एकाच टेबलाशी जेवत आणि पुढच्या आंदोलनाचे बेत ठरवत. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा शाळा, नळ, थिएटर, सगळं रंगाप्रमाणे वेगळं होतं. अशी मिश्र पंगत पोलिसांनी उठवली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. खाली चुलीशी असत लिया चेस.

माझा जन्म खानावळीच्या धंद्यात गेला. त्यामुळे कुठल्याही चळवळीची हकिकत वाचली की मला पडणारे प्रश्न वेगळे असतात. या माणसांचं रांधलं कुणी? पैसे दिले कुणी? त्यांच्यामुळे नेहमीचं गिऱ्हाईक घाबरून गेलं नाही? लियाबाईंची गोष्ट मला आवडते ती अशा प्रश्नांना तिच्यात उत्तरं आहेत म्हणून.

त्यांचा जन्म ६ जानेवारी १९२३ चा. पाँचारट्रेन सरोवरापलीकडच्या मॅडिसनव्हिल गावात त्या वाढल्या. घरात पोरवडा, वडील जहाजांच्या कारखान्यात. पोरांनी स्ट्रॉबेरी तोडायला जायचं आणि घरचंच पिकवलेलं खायचं. गावात काळ्या मुलींसाठी कॅथलिक हायस्कूल नव्हतं, म्हणून शिक्षणासाठी त्या न्यू ऑर्लिन्सला आल्या. पुढे फ्रेंच क्वार्टर भागातल्या एका हॉटेलात त्या वाढपी म्हणून लागल्या. पांढरे टेबलक्लॉथ, रांगेत मांडलेले काटे-चमचे, क्रमाने येणारे पदार्थ त्यांनी पाहिले ते तिथे. काळ्या बाईने तिथे वाढावं, पण गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसू नये, अशी ती रीत. हे पाहिलेलं त्या विसरल्या नाहीत.

१९४६ मध्ये त्यांचं लग्न झालं ते ट्रंपेट वाजवणाऱ्या, स्वतःचा बँड असलेल्या डुकी चेस यांच्याशी. सासू-सासऱ्यांनी १९४१ मध्ये कोपऱ्यावर एक छोटं दुकान टाकलं होतं. तिथे सँडविच, दारू आणि लॉटरीची तिकिटं मिळत. काळ्या कामगारांना बँका दारात उभं करत नसत, तेव्हा शुक्रवारी पगाराचे चेक इथे वटवून मिळत. हातात रोकड आली की माणूस सँडविच आणि बिअर घेऊनच बाहेर पडायचा. धंदा आणि माणुसकी एकाच गल्ल्यातून कशी चालते, ते मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

सुनेने इथे पांढरे टेबलक्लॉथ आणले. जोडीला गोऱ्यांच्या हॉटेलातला लॉबस्टर थर्मिडॉर, म्हणजे क्रीमच्या सॉसमधली शेवंड, हाही मेनूवर घेतला. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. लियाबाईंनी लॉबस्टर सोडला आणि टेबलक्लॉथ मात्र ठेवले. पदार्थ घरचेच राहिले: तळलेलं चिकन, लाल राजमा-भात आणि गंबो. गंबो म्हणजे तेलात पीठ खरपूस भाजून केलेला दाट रस्सा. लियाबाईंच्या पातेल्यात खेकडे, कोळंबी, दोन प्रकारची सॉसेज, हॅम असं बरंच काही पडायचं. वरून ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड, 'फिले'. खाली भात. आफ्रिका, फ्रान्स, स्पेन आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी, सगळ्यांचा हात या एका रश्श्याला लागलेला आहे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्या पालेभाज्यांचा गंबो करत. त्यात मोहरीचा पाला, बीटाची पानं, पालक, कोबी अशा नऊ भाज्या. संख्या विषमच हवी.

आता आंदोलनाकडे येते. सप्टेंबर १९६० मध्ये रूडी लोंबार्ड, ओरेथा कॅसल, सेसिल कार्टर हे तीन काळे विद्यार्थी आणि त्यांचा गोरा मित्र लॅनी गोल्डफिंच शहरातल्या मॅक्रोरीज दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. उठायला सांगितलं, उठले नाहीत, अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६३ मध्ये ते सुटले. न्यायालयाने पाहिलं, की रंगाप्रमाणे वेगळं बसवा असा शहराचा नियम हॉटेलांसाठी नव्हताच. पण महापौर आणि पोलीसप्रमुखांनी अशी धरणी चालू देणार नाही, असं जाहीर केलं होतं, आणि सत्तेचा तो आवाज कायद्याइतकाच वजनदार होता.

ओरेथाची आई व्हर्जी कॅसल डुकी चेसच्या बारवर कामाला होती. ही पोरं लियाबाईंकडे जेवणारी. मला इथे थांबावंसं वाटतं. डुकी चेसमध्ये अव्वल जेवण मिळत असताना ही मुलं तुरुंगात गेली ती दुकानातल्या साध्या सँडविचसाठी. प्रश्न चवीचा नव्हताच. लियाबाईंची पिढी जपून पावलं टाकणारी होती, पोरांचं थेट जाऊन बसणं त्यांना सुरुवातीला धाडसाचं वाटे. तरी त्यांनी पोरांना जेवू घातलं, बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या आणि मार खाऊन आलेल्या फ्रीडम रायडर्सना गंबो वाढला. मार्टिन ल्यूथर किंग, वकील थर्गुड मार्शल यांच्यासाठीही दार उघडं होतं. १९६५ मध्ये हॉटेलवर पाइप बॉम्ब फेकला गेला. हॉटेल चालूच राहिलं.

पोलीस वर का चढले नाहीत? लियाबाईंचं म्हणणं साधं होतं: शहरात या हॉटेलवर इतक्यांचा जीव होता, की धाड घातली असती तर बोंब उठली असती. चांगला स्वयंपाक संरक्षण देतो, हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण मला पटतं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सगळ्या हॉटेलांची दारं उघडली, आणि जिंकलेल्या लढाईचा फटका काळ्यांच्या कितीतरी हॉटेलांना बसला. गिऱ्हाइकाला आता कुठेही जाता येत होतं. लियाबाई टिकल्या. भिंतींवर त्यांनी काळ्या चित्रकारांची चित्रं लावली. त्याच रूडी लोंबार्डने पुढे, १९७८ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या आचाऱ्यांचं 'क्रिओल फीस्ट' हे पुस्तक एका आचाऱ्याबरोबर केलं. त्यात लियाबाई आहेतच. २००५ च्या कॅटरिना वादळात हॉटेलात पाणी भरलं. ब्याऐंशी वर्षांच्या लियाबाई नवऱ्यासह समोरच्या सरकारी ट्रेलरमध्ये राहिल्या, आणि २००७ मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या ओबामांनी गंबोत चव न घेताच तिखट सॉस ओतला, तेव्हा त्यांना रागवायलाही त्या कचरल्या नाहीत. १ जून २०१९ रोजी, शहाण्णव वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. घरच्या पुढच्या पिढ्या हॉटेल चालवतात.

लियाबाईंनी मोठी भाषणं ठोकली नाहीत, हे कुणी उणं म्हणून सांगितलं तर माझं त्याच्याशी भांडण आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याला रोज ठरवावं लागतं, दारात आलेल्या कुणाला आत घ्यायचं, कुठे बसवायचं आणि कुणाचे पैसे आज मागायचे नाहीत. आपल्याकडे पंक्तिभेद पाळला गेला तोही असाच, रोजच्या रोज, वाढणाऱ्याच्या हाताने. मोडायचा असेल तर तोच हात लागतो.