पऱ्हाटीच्या भुकटीने कापडाच्या रंगाचे पाणी साफ होते का? जाणून घ्या

कापूस वेचून झाला की लिंबागणेशसह बीड जिल्ह्यातील अनेक गावांत पऱ्हाटी उपटून जाळली जाते. हीच पऱ्हाटी कापडाच्या रंगाने दूषित झालेले पाणी साफ करू शकते का? इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांच्या सांडपाण्यामुळे पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. त्यामुळे हे समजून घ्यायला हवे.

रंग निघतो कसा?
पऱ्हाटी, कडुनिंबाचा पाला किंवा उसाचे चिपाड वाळवून भुकटी करतात. ती रंगीत पाण्यात ढवळली की रंगाचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. भुकटी गाळली की रंगही बाहेर निघतो.

मग अडचण कुठे?
प्रयोगशाळेत बऱ्याचदा ‘मिथिलीन ब्ल्यू’ हा रंग वापरतात. तो धनभारित, तर भुकटीचा पृष्ठभाग सहसा ऋणभारित. त्यामुळे तो सहज चिकटतो. सुती कापडाला मात्र मोठ्या प्रमाणावर रिॲक्टिव्ह रंग देतात. ते ऋणभारित असल्याने साध्या भुकटीला फारसे चिकटत नाहीत. त्यासाठी भुकटीवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते किंवा तिचा सक्रिय कोळसा बनवावा लागतो. रंगाई करताना वापरलेले मीठही पाण्यातच राहते.

वापरलेल्या भुकटीचे काय?
रंग नष्ट होत नाही, तो भुकटीत जातो. ती उकिरड्यावर टाकली तर पावसात रंग पुन्हा सुटू शकतो. त्यामुळे तिची शास्त्रशुद्ध विल्हेवाट गरजेची आहे. आणि पाणी नितळ दिसले, तरी तपासणीशिवाय ते पिण्यायोग्य समजू नका.