शेक घेताना कातडी काळी पडते तेव्हा

उचगावातून गोकुळ शिरगावच्या कोल्हापूर कॅन्सर सेंटरला जायला हायवेने फार वेळ लागत नाही. त्यामुळे इथल्या बऱ्याच रुग्णांना सोमवार ते शुक्रवार घरी राहूनच रेडिओथेरपी, म्हणजे आपल्याकडचा 'शेक', घेता येतो. पण घरी राहिलं की शेजारपाजारचे सल्लेही मिळतात, आणि त्यातले काही उपचारावरच उठतात.

सगळ्यात घातक सल्ला हा: "कातडी जळाली, म्हणजे डोस जास्त झाला. आठ दिवस बंद ठेवा." शेक घेणाऱ्या बहुतेकांच्या त्वचेवर कमी-अधिक परिणाम होतोच. त्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात, किरणांनी त्या मरतात. वरची कातडी झिजत राहते आणि खालून भर पडत नाही. म्हणूनच त्रास पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. शेवटचा शेक झाल्यावरही आठ-पंधरा दिवस तो वाढतो, आणि मग साधारण महिनाभरात कातडी भरून येते. मध्येच खंड पाडला तर गाठीतल्या उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्या भागात तोंडा-घशाचे कॅन्सर पुष्कळ, आणि नेमक्या त्याच कॅन्सरमध्ये उपचार आठवडाभर लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता १० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकते. शेक थांबवायचा का, हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं.

"पाणी लावू नका" हा सल्ला कातडीवर काढलेल्या शाईच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून रुजला असावा. खुणा कशा जपायच्या ते टेक्निशियनला विचारा आणि खुशाल अंघोळ करा. कोमट पाणी, सौम्य साबण, घासणं नाही, सुती पंच्याने टिपून घ्यायचं. घाम आणि मळ साचलेल्या कातडीवर जंतू वाढतात आणि त्रास चिघळतो.

हळद, कोरफड? घरातली हळद निर्जंतुक नसते, सोललेल्या कातडीवर ती नकोच. कोरफडीचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. उपयोग सिद्ध झाला आहे तो मोमेटासोनसारख्या स्टिरॉइड क्रीमचा. तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, त्यांनी सांगितल्यापासून. मेडिकलमधून गजकर्णाची तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब आणून लावणं धोक्याचं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्वचेवर चिकटवायची पातळ सिलिकॉन फिल्मही उपयोगी ठरते. कॅनडातल्या एका चाचणीत ती लावलेल्या सुमारे १५ टक्के महिलांना मध्यम ते तीव्र त्रास झाला, न लावलेल्या सुमारे ४५ टक्के महिलांना. फिल्म महाग पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक बसतो, पण त्वचेच्या औषधांचं काय, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

"लाल झालं नाही, म्हणजे काही झालं नाही" हेही खरं नाही. वैद्यकीय पुस्तकांतले फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहसा स्पष्ट दिसत नाही. मान आधी काळवंडते, चकचकीत होते, ताणल्यासारखी वाटते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत कातडी ओली होऊन सुटते. त्रास मोजायला रंग पुरेसा नाही; दुखतं का, खाजतं का, झोप लागते का, हे सांगावं लागतं.

हे सांगणंच राहून जातं. ब्लाऊजची शिवण काखेत काचते, मंगळसूत्र मानेला घासतं, पण पुरुष डॉक्टरांसमोर बोलायचं कसं म्हणून बाई गप्प राहते. फाउंड्रीतला कामगार मानेला शेक चालू असताना भट्टीसमोर उभा राहतो, कारण रजा संपलेली असते. कॅन्सर बरा होतोय ना, मग एवढं सोसायचं, असं घरचेही म्हणतात. मला हे मान्य नाही. सैल सुती कपडे, बाजूला ठेवलेलं मंगळसूत्र, भट्टीपासून लांबचं काम मिळावं म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, वेदनाशामक गोळी. एवढ्यानेही माणूस रात्री झोपू शकतो.

राहता राहिली लहान मुलांना जवळ घेण्याची भीती. बाहेरून दिलेल्या शेकानंतर अंगात किरणं उरत नाहीत. नातवंडांना मांडीवर घ्या.

कातडी ओली झाली, पिवळा स्राव किंवा वास येऊ लागला, ताप आला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी रेडिएशन विभागात दाखवा, आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितलं नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या शेकाला न चुकता जा.