तीन महिन्यांची साखर, पण कोणाच्या पेशींची?

मधुमेहाच्या रिपोर्टात ‘एचबीए१सी’ ५.४ आले की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते. रुग्णाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर मात्र त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून चिकटलेल्या साखरेवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. सिकलसेलच्या पेशी १०-२० दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला सवडच मिळत नाही. साखर चढलेली आणि आकडा खाली! शिवाय आई-वडील दोघांकडून सिकलचे जनुक आले असेल, तर नेहमीचे ‘ए’ हिमोग्लोबिन तयारच होत नाही. मग ‘ए१सी’ मोजायचे तरी कशाचे? नुकतेच रक्त चढवले असेल, तर मोजणीत रक्तदात्याच्या पेशीही येतात.

एकच जनुक असलेल्या वाहकांचे मोजमाप बहुतेक आधुनिक यंत्रे ठीक करतात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखावर त्यांचे एक जादा शिखर उमटते. आपण वाहक आहोत हे काहींना साखरेच्या तपासणीतूनच कळते.

पर्याय आहेत. फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन रक्तातल्या प्रथिनांवरून दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देतात. साखर सतत मोजणारा दंडावरचा सेन्सर उत्तम, पण महाग. घरचा ग्लुकोमीटर स्वस्त, पण तांबड्या पेशी कमी असतील तर काही ग्लुकोमीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल बराच आढळतो. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर साखर तपासायला सांगणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच सांगा.